वाहन चालविताना अवधान

अध्यापनाचे शिक्षण घेताना प्रत्येक शिक्षकाने मानसशास्त्रातील ‘अवधान’ हे प्रकरण अभ्यासलेले असते. डोळे फळ्यावर खिळलेले आहेत, पण मन मैदानावर आहे, असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात भेटतो. वर्गात या अनवधानाची किंमत एका चुकलेल्या उत्तराएवढीच असते. तोच मुलगा पुढे मोटारसायकल चालवू लागतो आणि मन तसेच भटकत राहते, तेव्हा किंमत निराळी होते. जगात ५ ते २९ या वयोगटातील मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अनवधानास आज सर्वांत मोठे निमित्त मोबाईलचे आहे. वाहन चालविताना फोन वापरणाऱ्यास अपघात होण्याचा संभव सुमारे चौपट असतो. मान वाकडी करून खांदा व कान यांमध्ये फोन दाबून जाणारे तरुण गावोगावी दिसतात. काहीजण कानात यंत्र घालून, हात मोकळे आहेत म्हणून निश्चिंत असतात. हा समज खोटा आहे. हात मोकळे असले तरी मन संभाषणात गुंतलेले असते. डोळे रस्त्याकडे पाहतात, पण समोरचे दिसत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात अंधारात उभी असलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अशाच डोळ्यांना दिसत नाही.

हे मुलांना व्याख्यानाने पटत नाही. ३० सेंटीमीटरच्या पट्टीने पटते. एका मुलाने पट्टी उभी धरावी, शून्याची खूण खाली ठेवावी. दुसऱ्याने त्या खुणेशी अंगठा व तर्जनी पट्टीला न लावता उघडी ठेवावीत. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी, दुसऱ्याने पकडावी व कोठे पकडली ते वाचावे. २० सेंटीमीटरवर पकडली म्हणजे सुमारे एकपंचमांश सेकंद गेला. ३० वर पकडली म्हणजे पाव सेकंद. नंतर त्याच मुलास सतराचा पाढा उलटा म्हणावयास सांगून प्रयोग पुन्हा करावा. पट्टी बहुधा अधिक खाली घसरते. कित्येकदा हातून निसटूनच जाते आणि वर्गात हशा पिकतो. हशा ओसरल्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे, की पट्टीच्या जागी रस्ता ओलांडणारी शेळी असती तर काय झाले असते?

यापुढचा भाग गणिताच्या तासास घ्यावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. आलेला संदेश वाचण्यास ५ सेकंद लागले, तर ८३ मीटर अंतर न पाहताच कापले जाते. हे अंतर मैदानावर टेपने मोजावयास सांगावे. बहुतेक शाळांचे मैदान त्यास पुरत नाही, आणि तेच मुलांच्या लक्षात राहते.

प्राथमिक शाळेतील मुले वाहन चालवीत नाहीत, मग त्यांना हे कशासाठी, असा प्रश्न सहज उद्भवेल. पण ती मागे बसतात. मोठ्या भावाच्या वा काकाच्या गाडीवरून शाळेत येणारी मुले प्रत्येक गावात आहेत. मागे बसलेला कानाशी बोलतो, हलतो, फोनमधील चित्र पुढे करून दाखवितो आणि चालकाचे मन तिकडे ओढले जाते. उलट, हाच सोबती चालकाचा साहाय्यकही होऊ शकतो. वडीलधाऱ्यांस ‘फोन बंद ठेवा’ असे बजावण्याचे धैर्य आपल्या घरांतील मुलांस होत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. ‘दादा, फोन माझ्याकडे दे, मी बोलतो’ हे वाक्य मात्र त्यांना शोभते. फोन मुलाच्या हाती आला की काम झाले. वर्गातील दोन बाकांची मोटारसायकल करून हा प्रसंग नाट्यरूपाने दोन-चार वेळा घ्यावा. एरवी ऐनवेळी वाक्य तोंडी येत नाही.

पालकसभेत कायद्याचा उल्लेख अवश्य व्हावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलास वाहन चालविता येत नाही. १६ वर्षांची सवलत केवळ ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीस आहे, आणि घरोघरच्या मोटारसायकली त्या वर्गात बसत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालक वा वाहनमालक दोषी ठरतो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड व वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, अशी शिक्षा आहे. अशा मुलास वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना मिळत नाही. पोराने गाडी शिकली म्हणून पेढे वाटणाऱ्या घरी ही माहिती क्वचितच पोहोचलेली असते.

फोन करणाऱ्याचाही या अनवधानात वाटा असतो. ‘कुठवर आलास?’ असे आई काळजीने विचारते, आणि मुलगा एका हाताने गाडी सावरीत उत्तर देतो. ‘गाडीवर आहेस का?’ हा प्रश्न प्रथम विचारावा आणि होकार आला की फोन ठेवावा, एवढे पालकांस सांगता येईल.

शिक्षक स्वतः कसे येतात हेही मुले पाहत असतात. वाडीवस्तीवरील शाळेकडे मोटारसायकलवरून निघालेल्या शिक्षकास तातडीची माहिती मागणारा फोन नेमका वाटेत येतो, आणि तो बहुधा कचेरीतूनच आलेला असतो. शिक्षकाने गाडी कडेला उभी करून मगच उत्तर द्यावे. शाळा भरण्यापूर्वीचा व सुटल्यानंतरचा अर्धा तास शिक्षकांस फोन न करण्याचा परिपाठ ठेवण्यास अधिकारीवर्गाचीही हरकत नसावी.