सेंद्रिय तूरडाळ दार्सैतला पोचते तेव्हा

मस्कतच्या दार्सैत भागातल्या लुलू हायपरमार्केटमध्ये भारतीय डाळींच्या रांगेत साध्या तूरडाळीशेजारीच सेंद्रिय तूरडाळ मांडलेली असते, आणि तिचा भाव बराच चढा असतो. इथल्या मराठी घरांत या पाकिटावरून दोन तट पडतात. घरात लहान मूल आलं की हीच डाळ शिजवणारे एकीकडे, ‘सगळा धंदा आहे’ म्हणत साधी डाळ उचलणारे दुसरीकडे. पाकिटावरचा शिक्का नेमकी कशाची हमी देतो, हे मात्र दोन्हीकडे फारसं कुणी वाचत नाही.

हमी असते ती पिकवण्याच्या रीतीची. भारतात ही व्यवस्था राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली २००१पासून चालते. ती अपेडा या वाणिज्य मंत्रालयाच्या संस्थेकडे आहे. शेतकऱ्याने रासायनिक खत, तणनाशक आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं बंद करायचं. मग तुरीसारख्या हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि आंब्यासारख्या बहुवार्षिक झाडाला तीन वर्षं थांबायचं. या मधल्या काळात उत्पन्न बहुधा घटतं, आणि माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. चढ्या भावातला काही भाग या तोट्याचा असतो. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने उडून येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडावा लागतो. दोन-तीन एकरवाल्याला एकट्याने प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून शेतकऱ्यांचा गट करतात. गट आपल्या सभासदांची तपासणी आपणच करतो आणि प्रमाणन संस्थेचा माणूस येऊन त्यातली काही शेतं पाहून जातो. म्हणजे ही साखळी बरीचशी कागदावर आणि विश्वासावर उभी आहे.

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, हा समज तर सोडूनच द्यावा. निंबोळी अर्क, गंधक, अळ्या मारणारे बीटी जिवाणू, आणि मर्यादा पाळून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, हे सगळं चालतं. मोरचुदातलं तांबं मातीत वर्षानुवर्षं साठत राहतं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांना तर गांडूळखतही मंजूर नाही. त्यांची नैसर्गिक शेती स्वतःला सेंद्रिय म्हणवून घेत नाही. तेव्हा ‘नैसर्गिक’, ‘देशी’, ‘गावरान’ असं काही पाकिटावर छापलेलं असलं, तरी त्यामागे प्रमाणपत्र असेलच असं नाही.

साखळी तुटते ती पुष्कळदा शेताच्या बाहेर. २०२०मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, आणि त्यात सेंद्रिय म्हणून विकलेला तीळही होता. हा वायू शेतात कुणी वापरत नाही. तीळ, मसाले यांतले साल्मोनेलासारखे जंतू मारण्यासाठी तो गोदामात किंवा कारखान्यात सोडतात. शेतकऱ्याने सगळे नियम पाळले असले, तरी पुढच्या एका टप्प्यावर सगळं वाया जाऊ शकतं. या प्रकारानंतर युरोपीय संघाने २०२२च्या सुरुवातीला पाच भारतीय प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली.

आता तब्येतीचं. एखाद्या कीटकनाशकाची किती मात्रा प्राण्यांना काहीच अपाय करत नाही ते आधी पाहतात, तिला साधारण शंभराने भागतात आणि तेवढी मात्रा माणसाने रोज खाल्ली तरी चालेल असं धरतात. पिकात किती अवशेष चालतील याची मर्यादा ठरवताना एकूण खाण्यातून ही मात्रा ओलांडली जात नाही ना, हे तपासतात. सेंद्रिय मालात असे अवशेष खूपच कमी वेळा सापडतात, याबद्दल वाद नाही. २०१४मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४३ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना सेंद्रिय पिकांत कॅडमियम कमी आणि काही अँटिऑक्सिडंट जास्त दिसले. त्याआधी २०१२मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने असाच धांडोळा घेतला होता. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक आहे असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

कर्करोगाबद्दलही एकवाक्यता नाही. फ्रान्समधल्या सुमारे ६९,००० लोकांच्या पाहणीत (२०१८) सेंद्रिय जास्त खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण २५ टक्के कमी दिसलं. ब्रिटनमधल्या सहा लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत (२०१४) एकूण कर्करोगात फरक दिसला नाही. सेंद्रिय खाणारी मंडळी बहुधा सुस्थितीतली, व्यायाम करणारी, कमी सिगारेट ओढणारी असतात. आकडेमोडीत हे सगळं वजा करायचा प्रयत्न होतो, पण ते पुरतं वजा होत नाही. आणि काही धोके फवारणीतून येतच नाहीत: तांदळातलं आर्सेनिक बरंचसं पाण्यातून आणि मातीतून येतं, तिथे शिक्क्याचा उपयोग नाही. मला विचाराल तर दार्सैतमध्ये डाळ खाणाऱ्याचा फायदा खरा असला तरी लहान आहे.

मोठा फायदा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक दगावले. पाठीवर पंप, डोक्यावरून उंच वाढलेला कापूस, अंगावर साधा सदरा, आणि दोन औषधं एकत्र कालवलेली. कापूस आपण खात नाही हे खरं, पण तोच पंप आणि तोच माणूस तुरीतही जातो. आपल्या ताटात जे मायक्रोग्रॅममध्ये येतं, ते त्याच्या फुप्फुसात आणि कातडीत कितीतरी जास्त जातं. चढा भाव द्यायला मला पटणारं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि जाहिरातीत ते कुठेच नसतं.

पर्यावरणाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. सेंद्रिय शेतात किडे, पक्षी, गांडुळं जास्त असतात आणि रासायनिक नत्र बनवायला लागणारी ऊर्जा वाचते. पण २०१२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात पीक आणि परिस्थिती यांनुसार उत्पन्न ५ ते ३४ टक्के कमी निघालं. तेवढंच धान्य हवं तर जमीन जास्त लागणार. श्रीलंकेने २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, तेव्हा भाताचं पीक कोसळलं आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. बदलाला वर्षं लागतात, आणि शेणखत हुकुमाने तयार होत नाही.

ओमानात मात्र मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. देशातल्या गोड्या पाण्यापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक शेतीत जातं. दार्सैतपासून तासाभरावर बरकापाशी बातिनाची किनारपट्टी लागते. काकडी, टोमॅटो, खजूर यांचा हा पट्टा. इथे पंपांनी भूजल इतकं उपसलं की समुद्राचं खारं पाणी आत शिरलं आणि कित्येक शेतं ओसाड पडली. डोंगराकडच्या गावांत फलज नावाच्या पाटांनी पाणी वाहतं आणि पाळीपाळीने वाटून घेतात. असे पाच फलज २००६मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पाळी ठरलेली असल्यामुळे तिथे हवं तेवढं उपसता येत नाही. खाऱ्या होत चाललेल्या विहिरीवरच्या काकडीलाही सेंद्रिय शिक्का मिळू शकतो. शिक्का खताबद्दल आणि औषधाबद्दल बोलतो, विहिरीच्या पातळीबद्दल फारसं बोलत नाही. शिवाय खजुरावरच्या दुबास किडीसाठी सरकार विमानातूनही फवारणी करत आलं आहे. त्या झाडांखालची भाजी बिनऔषधी राखायची कशी?

राहिली वाहतूक. तूरडाळ मुंबईहून जहाजाने येते, आणि समुद्रमार्गाने एक टन माल एक किलोमीटर नेताना फार थोडा कार्बन हवेत जातो. विमानाने तो ५० ते १०० पट जातो. त्यामुळे भारतातून उडत आलेल्या सेंद्रिय कोथिंबिरीपेक्षा हिवाळ्यात बरकाहून आलेली साधी कोथिंबीर मी बिनदिक्कत घेईन. डाळीसाठी मात्र जमेल तेव्हा जास्तीचे पैसे देईन.

घरी आणल्यावर दोन कामं. भाजी-फळं, मग ती कुठलीही असोत, वाहत्या नळाखाली चोळून धुवावीत. वरवरची औषधं बरीचशी निघतात, झाडाच्या रसात मुरलेली निघत नाहीत. आणि सेंद्रिय डाळीला गोदामात रासायनिक धुरी देता येत नाही, त्यामुळे मस्कतच्या उन्हाळ्यात तिला टोके लवकर लागतात. लहान पाकीट आणावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं.