सैल सोडलेली तार

गिटारची तार किती सैल पडू शकते, हे मी एका मित्राच्या घरी पाहिलं. मांडीवर त्याची जुनी पिवळी इबानेझ होती. त्याने एक स्वर छेडला आणि घोडीतून बाहेर आलेला लोखंडी दांडा हळूहळू गिटारच्या अंगाशी दाबत नेला. सूर घसरत घसरत इतका खाली गेला की शेवटी सूर असा उरलाच नाही, नुसती खरखर राहिली. मी वाकून पाहिलं, तर सहाच्या सहा तारा कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. मग त्याने दांडा सोडला. तारा पुन्हा ताठ झाल्या. त्याने तोच स्वर पुन्हा छेडला आणि ट्यूनर माझ्यासमोर धरला. काटा बरोबर मधोमध.

ज्याने कधी तंबोरा जुळवला आहे, त्याला यातलं आश्चर्य वेगळं सांगायला नको. एक खुंटी जरा सरकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि इथे सहा तारा पार मरगळून पडतात आणि क्षणात आपापल्या जागी परततात!

हे किती अवघड आहे ते आकड्यांत पाहू. तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. सूर एक सप्तक खाली आणायचा तर ताण निम्मा करून भागत नाही, चौथ्या हिश्श्यावर आणावा लागतो. गिटारची सगळ्यांत बारीक तार ०.२३ मिलिमीटरची असते आणि सुरात असताना तिच्यावर साधारण ६ किलोंचा ताण असतो. त्यात ६० ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम एका अंड्याच्या वजनाचा फरक पडला, तरी सूर अर्ध्या टक्क्याने हलतो आणि तयार कानाला तो खुपतो. दांडा सोडल्यावर ताण शून्याच्या जवळून पुन्हा ६ किलोंवर जायचा, तोही अंडाभर चूक न होता.

गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आणली तेव्हा तिच्या घोडीला असा दांडा होता. त्याने त्याला ‘ट्रेमोलो’ म्हटलं आणि हे चुकीचं नाव आजतागायत चिकटून राहिलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. दांड्याने सूर वरखाली होतो, आपण ज्याला आंदोलन म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी. दांडा जरा हलवला तर ठीक, जोरात दाबला की गिटार बेसूर. तार सैल पडताना आणि परत ताणली जाताना दोन जागी अडकायची: मानेच्या वरच्या टोकाला नटच्या खाचेत, आणि त्याच्याही वर खुंटीला घातलेल्या वेढ्यांत. सगळा घोटाळा या घर्षणाचा होता.

फ्लॉइड रोझ हा अमेरिकन माणूस गिटार वाजवायचा आणि दागिनेही घडवायचा. मला वाटतं, हे उत्तर सोनाराच्या हातालाच सुचण्यासारखं होतं. घर्षण कमी करत बसण्यापेक्षा तार घसरायला जागाच ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं. नटवर त्याने चिमटे बसवले. एकेका चिमट्याखाली दोन तारा घट्ट आवळलेल्या. दुसऱ्या टोकाला, घोडीत, तारेचं टोक कापून तेही आवळून टाकलं. आता खुंटीवर काय चाललंय याच्याशी तारेला देणंघेणं नाही. सगळी घोडी दोन खांबांवर सुरीच्या पात्यासारख्या धारेने टेकलेली. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने गिटारच्या पाठीतल्या पोकळीतल्या स्प्रिंगा ओढतात. अक्षरशः तराजू. १९७९ साली त्याला याचं पेटंट मिळालं.

तराजू म्हटल्यावर तराजूचे हट्ट आलेच. एक तार पिळली की घोडी तिच्याकडे किंचित झुकते आणि बाकीच्या पाच उतरतात. वाजवता वाजवता एक तार तुटली तर स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या तारा चढतात. शिवाय नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी, मग सूर बारीकसा जुळवायचा कसा? त्यासाठी पुढे घोडीवरच सहा लहान फिरकीचे स्क्रू आले. तंबोऱ्याच्या घोडीखालचा मणी आठवतो? ढोबळ सूर खुंटीने, नेमका सूर मण्याने. आपल्या कारागिरांनी केव्हाच वापरात आणलेली युक्ती तिकडे पोलादात पुन्हा सापडली, याचा मला फार आनंद होतो.

या घोडीने वादकाच्या हाती काय आलं, ते मला सतारीवरून उमगलं. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढतात. तिने सूर फक्त चढतो. उतरती मींड हवी तर आधी ओढून ठेवून मग सोडावं लागतं. इथे मोकळ्या तारेवरूनसुद्धा पाताळापर्यंत उतरता येतं, आणि सहाही तारांवर एकदम. न्यू जर्सीच्या क्रेमर कंपनीने ही घोडी आपल्या गिटारींवर बसवली, गिटारवादक एडी व्हॅन हेलनने ती गाजवली, आणि ऐंशीच्या दशकातल्या रॉक गिटारला स्वतःची बोली मिळाली.

त्या बोलीसाठी घडवलेलं माझं सगळ्यांत आवडतं वाद्य म्हणजे इबानेझची आरजी५५०. १९८७ साली या जपानी कंपनीने स्टीव्ह वाय या वादकासोबत जेम नावाचं मॉडेल काढलं. त्याच्या अंगाला हाताने उचलायची मूठ कोरलेली होती, आणि घोडीच्या मागे खोबण होती, दांडा वरच्या बाजूलाही ओढता यावा म्हणून. त्याच वर्षी तिची साधी बहीण आली, ती आरजी५५०. तिला मूठ नव्हती, पण २४ पडदे होते, म्हणजे प्रत्येक तारेवर पुरी दोन सप्तकं. मान तर इतकी पातळ की पहिल्या पडद्यापाशी जाडी फक्त १७ मिलिमीटर. हातात घेतली की आधी भीती वाटते, एवढ्याशा लाकडाने सगळ्या तारांचा मिळून ४० किलोंच्या आसपासचा ताण कसा पेलायचा! पेलतं ते, कारण मानेच्या आत पोलादी सळई आहे.

मग १९९१ साली निर्वाणा या रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि हवाच पालटली. बँडच्या कर्ट कोबेनच्या हातात फेंडरच्या जुन्या जॅग्वार आणि मस्टँग दिसू लागल्या. झगमगीत रंग आणि सुसाट बोटं एकाएकी जुनी ठरली. १९९४ साली आरजी५५० बंद झाली.

अशा गिटारी परत येणार, परत येणार अशी कुजबुज वादकांत सतत चालू असते, आणि कधी कधी त्या खरंच येतात. २००७ साली विसाव्या वाढदिवसाला आरजी५५० थोड्या काळापुरती आली, आणि २०१८ साली रीतसर परतली, जपानमध्येच घडवलेली. फेंडरनेही १९८८ची एचएम स्ट्रॅट २०२० साली पुन्हा काढली. परतलेली आरजी५५० तंतोतंत जुनी नाही. पहिल्या गिटारींची मान मेपलच्या एका तुकड्याची होती, नव्या गिटारीत मेपल आणि अक्रोडाच्या पाच पट्ट्या चिकटवल्या आहेत. तऱ्हेतऱ्हेच्या हवेत मान वाकू नये म्हणून हा बदल मला पटतो; वादक मुळात जे शोधत होते ते बोटांना जाणवणारं माप होतं आणि ते राखलेलं आहे. घोडीची ती धार बोथट झाली तर सूर परतणार नाही, म्हणून तिथलं पोलाद कडकच हवं, आणि तिथे काटकसर झालेली नाही.

रंगाची गोष्ट मात्र मला सगळ्यांत विलक्षण वाटते. त्या काळातले ते डोळ्यांत भरणारे पिवळे, गुलाबी फ्लुरोसंट रंग ऊन सोसत नाहीत. अतिनील किरण त्यांच्यातली चमक खाऊन टाकतात, त्यामुळे वर्षानुवर्षं उजेडात वाजलेली जुनी गिटार फिकी पडते. मित्राची ती पिवळी आरजी५५० नव्वदच्या आधीची, हातोहात फिरत त्याच्याकडे आलेली. तारा बदलायला घेतल्या तेव्हा त्याने काळ्या पिकगार्डचे स्क्रू सोडवून ती पट्टी जराशी उचलून दाखवली. वरचं सगळं अंग पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखं. पट्टीखाली, बोटभर जागेत, लिंबाहून झगझगीत असा १९८७चा पिवळा तसाच बसलेला होता. त्याने नव्या गिटारीचा फोटो मोबाइलवर काढून त्या जागेशेजारी धरला. आम्ही दोघं बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिलो.