उपासाला गोळी चालते का?

दिवाळीच्या साफसफाईत आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेत एक जुनी कुंकवाची डबी सापडली. उघडली, तर आत ब्लडप्रेशरच्या गोळ्या! मोजल्या, एकतीस. रोज सकाळी चहाबरोबर मी हातावर ठेवत होते ती गोळी आधी पदरात आणि मग डबीत जात होती तर!

त्याच आठवड्यात त्यांचं बीपी 180/100 निघालं होतं. एका गोळीनं भागत नाही असं समजून डॉक्टरांनी दुसरी जोडून दिली होती. गोळी पोटातच जात नाही हे त्यांना कुठून कळणार? दोन्ही गोळ्या एकदम सुरू झाल्या असत्या आणि बीपी फार उतरून आई न्हाणीत पडल्या असत्या तर?

मी खूप बोलले. हेही आईवर ओरडले. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडताना त्या आपणहून म्हणाल्या, "अगं, त्या गोळीनं माझे पाय सुजायचे. जोडवी रुतायला लागली होती. बंद केली, तर सूज उतरली."

"मग सांगितलं का नाही?"

"डॉक्टर रागावतात. आणि तूही."

यावर काय बोलणार? गेल्या महिनाभरात "गोळी घेतलीत का?" असं मी रोज विचारलं होतं. "गोळीनं काही त्रास होतो का?" असं एकदाही नाही.

डबी घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या घोट्यांना सूज येते, त्यावर उपाय आहे. त्यांनी गोळी बदलली. मग मी आणखी विचारत गेले, तशी एकेक गंमत बाहेर आली. सोमवार, दोन एकादश्या, संकष्टी, म्हणजे महिन्यातले सहा-सात दिवस आई पहिल्यापासूनच गोळी घेत नव्हत्या, उपास मोडतो म्हणून! बीपीची गोळी पाण्याबरोबर उपासालाही घ्यायची असते. (डायबेटिसच्या गोळीचं मात्र वेगळं, ती उपाशीपोटी घ्यायची की नाही ते आधी डॉक्टरांना विचारायचं.) उपासाचं शेंदेलोणही शेवटी मीठच, बीपीला ते काही वेगळं नाही. शिवाय गुडघे दुखले की आई मेडिकलमधून वेदनाशामक गोळी मागवायच्या. तशा बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं, हे मलाही नवीनच होतं.

खरी पंचाईत अशी, की बीपी दुखत नाही. दुखलं असतं तर कुणाला आठवण करावी लागली नसती. मशीनवर आकडा बरोबर आला, की माणसाला वाटतं, झालं बरं, आता कशाला गोळी? पण तो आकडा गोळीनंच खाली ठेवलेला असतो.

आता गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याशेजारी असतं. पूजा झाली की गोळी. नातू कॅलेंडरवर बरोबरची खूण करतो. सकाळी राहिलीच तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. पैशांसाठी गोळ्या तुटत असतील, तर सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. 2017 साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात आमचा सातारा जिल्हा सुरुवातीपासून आहे. तिथे महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, सारख्या खेपा नकोत म्हणून.

महिन्याभरानं आईंचं बीपी 134/82 आलं. जोडवी पुन्हा बोटात फिरायला लागली.

आणि माझं? गेल्या महिन्यात वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दीडशेच्या वर. मलाही गोळी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात डब्यांच्या गडबडीत दोनदा राहिली. आता आई पाण्याचं भांडं घेऊन ओट्याशी उभ्या राहतात.

"गीळ माझ्यासमोर. आणि ती ओढणी झटक बघू."