ओढ्याचा काठ राखा

गावाशेजारचा ओढा वर्षातील बरेच महिने कोरडा असतो. त्यामुळे काठची झाडेझुडपे म्हणजे निरुपयोगी रान होय, असा समज सर्वत्र आढळतो. दोन तास अधिक मिळावेत म्हणून काठ साफ करून नांगर थेट कडेपर्यंत नेला जातो. मोठा पाऊस झाला की ते दोन तास तर जातातच. पण त्यांच्याबरोबर शेतातील कसदार मातीही वाहून जाते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुणे जिल्ह्यात कऱ्हा नदीस व आंबिल ओढ्यास आलेल्या पुराने लहान प्रवाहाचेही बळ किती असते, हे सर्वांस दाखवून दिले.

काठावरील वनस्पती हे बळ मोडीत असतात. पाण्यालगत वाळा उगवतो. त्याची मुळे सरळ खाली आठ-दहा फुटांपर्यंत जाऊन माती धरून ठेवतात. पाती पाण्याचा वेग कमी करतात व गाळ तेथेच बसतो. त्याच्या वरच्या बाजूस निर्गुडी असते. तिला जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चराईच्या काठावरही ती टिकते. वाळुंज फांदी लावूनही जगतो. करंज शेंगवर्गीय असून त्याचा पाला हिरवळीच्या खतास व पेंड शेतास उपयोगी पडते. उंबराच्या फळांवर पक्षी पोसले जातात व तेच पक्षी पिकांवरील किडीही टिपतात.

मात्र सर्वच हिरवे हितकारक नव्हे. गाजरगवत, घाणेरी व बेशरम या तिन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. गाजरगवताने अंगास खाज सुटते. घाणेरीचा व बेशरमीचा पाला जनावरांस विषारी आहे.

शेतकरी बंधूंनी पुढीलप्रमाणे काम करावे :

१. काठालगतची दहा-बारा फूट पट्टी नांगरू नये.

२. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातास कापड गुंडाळून मुळासकट उपटावे.

३. बेशरम खणून काढून उन्हात पूर्ण वाळवावी. तोडलेली खोडे ओढ्यात टाकू नयेत; ती जेथे अडकतात तेथे पुन्हा रुजतात.

४. मोकळ्या झालेल्या जागी पहिल्या पावसानंतर वाळ्याचे ठोंब व निर्गुडीच्या फांद्या लावाव्यात.

तणांचे बी पाण्याबरोबर खाली वाहत जाते. म्हणून एकट्याने केलेले काम टिकत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून, वरच्या अंगापासून आरंभ करावा. काठ राहिला तरच त्यामागचे शेत राहील.