शस्त्रक्रियेनंतरची मालीश : उपयोग आणि मर्यादा

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. त्या काळी मोठी शस्त्रक्रिया म्हटली की मंठा, परतूर वा भोकरदनच्या कुटुंबापुढे खर्चाचा डोंगर उभा राहत असे. नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजेच आजची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना, सर्व जिल्ह्यांत लागू झाली आणि अनेक शस्त्रक्रिया सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आल्या. जालन्यात, किंवा सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला शस्त्रक्रिया होते आणि थोड्याच दिवसांत रुग्ण घरी परततो. यानंतरच्या शुश्रूषेचा भार मात्र घरच्या माणसांवर येतो. त्यातही कठीण असते ती रात्र. दिवस माणसांच्या वर्दळीत निघून जातो. रात्री वेदना जाणवू लागते आणि झोप येत नाही.

वेदना आणि निद्रा

वेदनेमुळे झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेमुळे वेदना अधिक तीव्र भासते. हे दुष्टचक्र खंडित करण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक औषधे वेळेवर घेणे हा पहिला उपाय होय. हलकी मालीश ही त्याला पूरक ठरते.

अंगावरून हात फिरविल्याने बरे का वाटते, याचा एक खुलासा रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात मिळतो. मज्जारज्जूत जणू एक द्वार असते. स्पर्शाच्या संवेदना तेथे पोचल्या की वेदनेच्या संदेशांना मेंदूकडे जाण्यास काही अंशी अटकाव होतो. शिवाय पडून राहिल्याने आखडलेले पाठीचे व मानेचे स्नायू सैल होतात आणि मनावरील ताणही उतरतो.

अमेरिकेत मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ६०५ माजी सैनिकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका गटाला जास्तीत जास्त ५ दिवस, रोज सायंकाळी २० मिनिटे पाठीची मालीश देण्यात आली. या गटातील रुग्णांची वेदना इतरांपेक्षा लवकर ओसरली. तथापि रुग्णालयातील मुक्काम अथवा वेदनाशामक औषधांचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर मालीश घेतलेल्या रुग्णांना झोप चांगली लागली व थकवा कमी जाणवला, असे ब्राझीलमधील २०१० च्या एका अभ्यासात दिसून आले. मालीश गुणकारी आहे, परंतु ती औषधाची जागा घेऊ शकत नाही, हा याचा मथितार्थ.

घरातील परंपरा

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. आयुर्वेदाने डोके, कान आणि तळपाय यांच्या अभ्यंगावर विशेष भर दिला आहे. झोप न येणाऱ्या माणसाचे तळपाय तेल वा तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत मराठवाड्यातील घरांतून परिचित आहे. बाळंतिणीला तेल लावणारे अनुभवी हातही गावोगावी आढळतात. या परंपरेला शस्त्रक्रियेच्या रुग्णापुरती नवी शिस्त लावून घेणे एवढेच आवश्यक आहे.

मालीश कशी करावी

प्रथम डॉक्टरांची किंवा परिचारिकेची अनुमती घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, तसेच मधुमेह वा कर्करोग असल्यास ही विचारणा टाळू नये. हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढून ठेवाव्यात. रुग्णाला सोसेल अशा कुशीवर, उशीचा आधार देऊन निजवावे. झोपण्यापूर्वी १० ते १५ मिनिटे पाठ, खांदे, तळहात आणि तळपाय यांवरून संथपणे हात फिरवावा. दाब हलकाच असावा. रुग्ण 'दुखते' म्हणताच थांबावे. तेल थोडे व कोमट असावे आणि ते जखमेपर्यंत ओघळू देऊ नये. भेटीस येणाऱ्यांची रीघ सायंकाळीच थांबवून खोलीतील दिवा मंद केल्यास या उपचाराचा लाभ अधिक होतो.

कोठे हात लावू नये

टाके व त्यांभोवतीचा भाग पूर्णतः वर्ज्य समजावा. ताज्या जखमेवर तेल, हळद वा शेक यांचा प्रयोग करू नये. त्याने जंतुसंसर्ग वा भाजण्याचा धोका संभवतो. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीचे पोट डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज चोळू अथवा घट्ट बांधू नये. ताप असल्यास, जखम लाल होऊन पू येत असल्यास मालीश न करता रुग्णालय गाठावे.

सर्वांत मोठी दक्षता पोटरीविषयी घ्यावी लागते. शस्त्रक्रियेनंतर फार काळ पडून राहिल्यास पायाच्या खोल रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, तो भाग गरम वा लालसर होणे ही तिची लक्षणे होत. 'पाय भरून आला' असे समजून तो चोळण्याची अनेक घरांत प्रवृत्ती असते. असे चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते आणि प्राणावर बेतते. सुजलेला पाय न चोळता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. अकस्मात धाप लागल्यास वा छातीत दुखू लागल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर उठून चालणे आणि पायाचे पंजे हलविणे हितकारक असते.

रुग्णालयातून निघतानाच नातेवाइकांनी दोन प्रश्न विचारून घ्यावेत : मालीश केव्हापासून करावी आणि कोणत्या भागावर करू नये? या दोन उत्तरांनिशी घरी आलेल्या रुग्णाला आपल्या माणसाच्या हातून मिळणारी शुश्रूषा सुखकर होईल आणि सुरक्षितही राहील.