समोरचे न्यायाधीश नकोत, तेव्हा

अयोध्येचे प्रकरण म्हणजे मुळात जमिनीच्या मालकीचे दिवाणी दावे. त्यांच्या अपिलांसाठी १० जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांचे पीठ बसले. न्या. उदय लळित वकिली करत असताना एका संबंधित प्रकरणात कल्याणसिंह यांच्या बाजूने उभे राहिले होते, हे ज्येष्ठ वकील राजीव धवन यांनी निदर्शनास आणले. त्यांनी बाजूला व्हावे, अशी आपली मागणी नाही, असेही धवन म्हणाले. तरीही लळित पीठातून बाहेर पडले.

प्रत्येक वेळी हे इतक्या सौजन्याने होत नाही. न्यायाधीशाने कधी बाजूला व्हावे, याची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेत नाही. पक्षकाराच्या हाती असते ते कलम २४. दावा दुसऱ्या न्यायाधीशाकडे वर्ग करावा, असा अर्ज जिल्हा किंवा उच्च न्यायालयात करता येतो. 'साहेब समोरच्याचेच ऐकतात' एवढ्यावर तो टिकत नाही. अंतरिम मनाई हुकूम विरोधात गेला, हे तर कारणच नव्हे. त्यासाठी अपील आहे.

मग कारण कोणते? निकालात न्यायाधीशाचा स्वतःचा पैसा गुंतला असेल, तर चर्चाच नको. इंग्लंडमध्ये लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचे समभाग एका कालवा कंपनीत होते आणि तिच्याच दाव्यात त्यांनी हुकूम दिला. त्यांच्या सचोटीवर कोणाचाही संशय नव्हता, तरी १८५२ मध्ये तो हुकूम रद्द झाला. इतर बाबतींत कसोटी रास्त भीतीची. 'माझे मन स्वच्छ आहे ना?' असे न्यायाधीशाने स्वतःला विचारून भागत नाही, पक्षकाराच्या जागी उभे राहून पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये रणजित ठाकूर प्रकरणात सांगितले. मात्र हरकत वेळेवर घ्यायला हवी. आधी गप्प बसायचे आणि पारडे फिरले की तक्रार करायची, ही चाल माणकलाल प्रकरणात १९५७ मध्येच अडली.

खरी पंचाईत पुढे आहे: अर्ज ज्यांच्याविरुद्ध, निर्णयही त्यांचाच. भूसंपादनाबाबत पुणे महापालिकेच्या प्रकरणात २०१४ साली दिलेला निकाल न्या. अरुण मिश्रा यांच्या पीठाने २०१८ मध्ये चुकीचा ठरवला. तोच प्रश्न पुढे पाच न्यायाधीशांपुढे आला, तेव्हा पीठावर पुन्हा मिश्रा होते. बाजूला होण्याची विनंती त्यांनी २३ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळली. हवे ते पीठ मिळवण्याच्या खटपटीला थारा देऊ नये, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण तो स्वतःच्याच बाबतीत त्यांनीच ठरवावा, हे खटकते. नंदीग्रामच्या निवडणूक याचिकेत ममता बॅनर्जींच्या मागणीनंतर न्या. कौशिक चंदा बाजूला झाले, पण मागणीच्या पद्धतीबद्दल त्यांनी पाच लाखांचा दंडही ठोठावला.

कारण लिहावे का, यावर न्यायाधीशांतही एकमत नाही. २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोगाच्या निकालात न्या. कुरियन जोसेफ यांनी कारण देणे हे कर्तव्य मानले, तर न्या. मदन लोकूर यांना ते आवश्यक वाटले नाही. मी जोसेफ यांच्या बाजूने. जानेवारी २०२२ मध्ये कृष्णा पाणीवाटपाच्या प्रकरणातून न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बोपण्णा बाहेर पडले, तेव्हा एक महाराष्ट्राचे, दुसरे कर्नाटकाचे, हे कारण उघड सांगितले गेले. खालच्या कोर्टात मात्र 'माझ्यासमोर नको' एवढाच शेरा पडतो, आणि पक्षकार पुढच्या तारखेपर्यंत तर्क लढवत बसतो.