शेंडा छाटलेली नाताळची कुंडी



वसई भागातल्या एका वाडीवाल्या बंधूंचे पत्र आले आहे. नाताळात विकण्यासाठी त्यांनी ख्रिसमस ट्रीच्या चाळीस कुंड्या तीन वर्षे सांभाळल्या. झाडे भरगच्च व्हावीत म्हणून नव्या गड्याने मेंदीचे कुंपण छाटावे तसे सगळ्यांचे शेंडे उडवले आणि काहींच्या खालच्या फांद्याही 'साफसूफ' केल्या. आता ही झाडे टाकून द्यायची का, असे ते विचारतात. तीन वर्षांचे पाणी, खत आणि मजुरी त्यात अडकली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे या नावाने कुंडीत मिळते ते झाड बहुधा अरोकेरियाचे असते. ते मूळचे प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे, त्यामुळे दमट हवा त्याला मानवते. दिसायला सुरूच्या जवळपास, पण जात वेगळी आणि स्वभावही वेगळा.

गुलाब, जास्वंद, द्राक्ष छाटले की जोमाने फुटतात. हात त्या छाटणीला सवकलेला असतो, तिथेच घोटाळा होतो. अरोकेरियाचा शेंडा सरळ वर जातो आणि थोड्या थोड्या अंतरावर फांद्यांचा एकेक मजला सोडतो. फांदीला आडवेच वाढायचे ठाऊक. शेंडा गेला म्हणून फांदी काठीला उभी बांधली तरी ती शेंडा होत नाही. कॉलेजात असताना मी हौसेने फांद्यांची कलमे लावली होती. मुळे फुटली, मला आनंद झाला, पण रोपे जी आडवी पसरली ती उठलीच नाहीत!

मग आशा कुठे आहे? खोडात. खोडावर निजलेले डोळे असतात. शेंडा तुटला की कापाच्या खालचे काही डोळे जागे होऊन उभे धुमारे फुटतात. थंडीत याला वेळ लागतो, तेव्हा दोन-तीन महिने वाट पाहायची तयारी ठेवा. एकापेक्षा जास्त धुमारे आले तर चार-पाच बोटे वाढू द्या. मग जो जोमदार, सरळ आणि कापाजवळचा असेल तो एकच ठेवा, बाकीचे बुडातून काढा. सगळेच ठेवले तर झाडाला दोन-तीन शेंडे होऊन ते बेढब दिसते. ठेवलेल्या धुमाऱ्याला बांबूची कामटी लावून सुतळीने सैल बांधा. आवळून बांधाल तर साल कापली जाईल.

खालचे मजले कापले असतील, तर ते परत येत नाहीत. हे मी गोड करून सांगत नाही. तिथे खत घालून फुटवे येतील अशी वाट पाहू नका.

कापाच्या जागी खोड चेंगरले असेल तर धारदार कात्रीने स्वच्छ काप घ्या, पण कमीत कमी. त्यावर बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एक लिटर पाण्यात एकत्र करा. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको.

छाटणी चुकली की बरेच जण घाईने मूठभर युरिया टाकतात. तसे करू नका. फांद्या-पाने कमी झाल्यावर झाड पाणीही कमी ओढते. त्यात युरिया पडला तर मुळे भाजतात. नवा धुमारा वाढीला लागेपर्यंत खत नाही आणि कुंडीबदलही नाही. बोट पेराएवढे मातीत खुपसून पाहा, कोरडे लागले तरच पाणी द्या. कुंडीचे भोक मोकळे हवे. जागा उजेडाची, पण दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा असलेली. आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर झाड उजेडाकडे झुकते.

आता या बंधूंनी कुंड्यांच्या दोन रांगा कराव्यात. नुसता शेंडा गेलेल्या, खालचे मजले शाबूत असलेल्या एका बाजूला. त्या या नाताळात पूर्ण भावाने जाणार नाहीत, पण नवा शेंडा धरला की पुढे गिऱ्हाईक मिळेल. खालून बोडक्या झालेल्या दुसऱ्या रांगेत. त्यांचा शेंडा सावरला की बांधावर किंवा अंगणाच्या कडेला जमिनीत लावा. मात्र घर आणि विजेच्या तारा यांपासून लांब, कारण जमिनीत हे झाड माडाएवढे उंच जाते.

आणि कात्री देण्याआधी गड्याला एक कुंडी समोर धरून दाखवा: वाळलेली फांदी खोडालगत काढायची, हिरव्याला हात लावायचा नाही.